खाण्यापुरतं इंग्रजी

ज्या शाळेत मी शिकवत होते ती कोरोनात बंद पडली आणि पुन्हा उघडली तेव्हा तिला माझी गरज उरली नव्हती. काही महिने घरात बसून काढले. मग नवी पेठेत एका साड्यांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली आणि बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू केला. वेळ दुपारची. घरातली भांडी आवरून, नवऱ्याचं जेवण उरकून, मुलं शाळेतून यायच्या आत बायकांना परत जाता यावं म्हणून.

सुरुवातीला मी सगळे शिकवतात तसंच शिकवत होते. माय नेम इज, आय लिव्ह इन सोलापूर, माय हॉबी इज. तिसऱ्या वाक्यापाशी गाडी अडायची. "हॉबी म्हंजे काय सांगू, बाई? मला न्हाय तसलं काय," असं एक जण म्हणायची आणि बाकीच्या खाली बघायच्या. पुस्तकात नाश्त्याचा एक धडा होता. त्यातल्या चित्रांतलं काहीच त्यांनी कधी खाल्लेलं नव्हतं. वर्ग आता चालत नाही असं वाटायला लागलं होतं, तेव्हा एका दुपारी कंटाळून मी विचारलं, "बरं, आज सकाळी स्वयंपाक काय केलात?" आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक कपाटात टाकलं आणि पिशवीतून ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, चार वांगी, लसणाचा गड्डा, गूळ असं सामान घेऊन गेले. वांगी मोजता येतात म्हणून 'मेनी'. पीठ मोजता येत नाही, मापावं लागतं, म्हणून 'मच'. विणकरांच्या घरातली एक तेलुगू सून होती, तिनं लगेच विचारलं, "मग बाई, पीठ मच आणि त्याची भाकरी झाली की मेनी?" मी हो म्हटलं. व्याकरण असं सरळ डोक्यात शिरताना मी शाळेत कधी बघितलं नव्हतं. चिरणं, सोलणं, मळणं, भाजणं, कुटणं, ढवळणं यांची क्रियापदं झाली. चिमूटभर, मूठभर, चमचाभर झालं. आधी, मग, शेवटी झालं. भाकरीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर एक अख्खी दुपार गेली आणि भाकरीला भाकरीच म्हणायचं असं ठरलं.

काकू आल्या त्या याच दिवसांत. साठी उलटलेली बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि त्याखाली कुंकू, पदर घट्ट लपेटलेला. घर बाळीवेशीजवळ. नवऱ्याचं भुसार मालाचं दुकान होतं, ते आता पुतण्याकडं दिलेलं. घरात दोघंच, बोलणं निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. वर्गात त्या सगळ्यांत मोठ्या. नव्या बाईला मी पहिल्या दिवशी विचारायचे, इंग्रजी कशाला शिकायचंय. कुणी मुलांच्या शाळेतल्या मीटिंगसाठी म्हणायची, कुणी दुकानात बसते म्हणून. काकू म्हणाल्या, "नातीसंगं बोलायचंय."

मला वाटलं, नात इथंच इंग्रजी शाळेत असेल. वर्ग सुटल्यावर जिना उतरताना त्यांना भिंतीचा आधार लागत होता म्हणून मी बरोबर उतरले. मधल्या पायरीवर त्या थांबल्या आणि बाकीचं सांगितलं. एकच मुलगी. इंजिनियर झाली, लग्न झालं, ऑस्ट्रेलियाला गेली. तिथं तिला मुलगी झाली. ती नात अडीच वर्षांची असताना मुलीच्या रक्तात काहीतरी निघालं आणि काही महिन्यांत सगळं संपलं.

"मला जायचं हुतं. व्हिसा आला तवा तिची मातीबी झाली हुती तिकडंच. फोनवर बघितली मी," काकू म्हणाल्या.

त्या लिंगायत, त्यांच्यात पुरतात. परक्या देशातल्या हिरव्यागार गवतात खणलेला खड्डा त्यांनी पुतण्याच्या फोनवर पाहिला होता.

आता नात सहा वर्षांची होती. दर रविवारी सकाळी जावई व्हिडिओ कॉल लावायचा. तिकडं तेव्हा दुपार. काकू विचारायच्या, जेवलीस का गं बाळा. मुलगी बापाकडं बघायची. बाप इंग्रजीत सांगायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, बाप मराठीत सांगायचा. मग मुलगी खेळायला निघून जायची.

"आमचं दोघींचं बोलणं जावयाच्या तोंडातनं," काकू म्हणाल्या. "ती माझ्याकडं बघतच न्हाय, बाई. बापाकडं बघती. तुमी मला लई शिकवू नका. जेवलीस का एवढंच शिकवा."

मी त्यांना सांगितलं की तिकडं जेवलीस का असं कुणी विचारत नाही. त्यापेक्षा काय खाल्लंस ते विचारा, म्हणजे मुलीला उत्तर द्यावं लागेल. व्हॉट डिड यू ईट? काकू म्हणायच्या, व्हॉट डिड यू एट. मी म्हटलं, 'डिड'नं भूतकाळ आपल्या अंगावर घेतलाय, आता 'ईट'ला बदलायचं कारण नाही. "म्हंजे मोठ्यानं भार उचलला की धाकटा मोकळा," त्या म्हणाल्या आणि मग ते वाक्य पुन्हा चुकलं नाही.

पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. "पास्ता म्हणली. पास्ता म्हंजे काय हो?" मी फोनवर चित्र दाखवलं. "शेवयाच की! जाड शेवया," त्या म्हणाल्या. चेहरा असा झाला होता की जणू लांबच्या गावी कुणी ओळखीचं निघालं.

तेव्हापासून सोमवारी वर्गात काकूंच्या नातीचं खाणं असायचं. सिरियल, ब्रॉकली, मॅश्ड पोटॅटो. त्या शब्द आणायच्या, मी अर्थ सांगायचे, आणि मग त्यावरून सगळ्या वर्गाचा धडा व्हायचा. शी लाइक्स. शी डझन्ट लाइक. मुलगी आजीचे उच्चार सुधारायची. खोटं रागावून पुन्हा म्हणायला लावायची. आवडलं तर 'यम' आणि नाही आवडलं तर 'यक' हे तिनंच शिकवलं. काकू शेपूच्या भाजीला यक म्हणायच्या तेव्हा वर्ग हसायचा. जावई आता फोन मुलीच्या हातात देऊन बाजूला व्हायचा. मुलगी त्यांना अज्जी म्हणायची. कानडीतली आजी. तो शब्द तिच्या आईनं शिकवलेला, तेवढा एक तिच्याकडं राहिला होता.

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी काकू आल्या. वही न उघडता बसून राहिल्या. वर्ग संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले.

"काल तिनं विचारलं," त्या म्हणाल्या. "व्हॉट डिड मम्मा ईट, म्हणून. लहान असताना मम्मा काय खायाची. मला कळलं की. सगळं कळलं. पण सांगू कसं? लाइक्स म्हणू का लाइक्ड?"

मी सांगितलं, लाइक्ड. जे आता नाही त्याला शेवटी ड लागतो.

"त्यो ड तोंडातनं निघत न्हाय हो," त्या म्हणाल्या. "येवढे दिवस मी मराठीतबी म्हणत न्हाय. तिला हुरडा आवडतो असंच म्हणती मी. यजमान गप बसतात."

त्या आठवड्यात मी वर्गात 'यूज्ड टू' घेतलं. पूर्वी नेहमी घडायचं आणि आता घडत नाही ते कसं सांगायचं. कारण कुणाला सांगितलं नव्हतं, पण काकूंनी स्वतःच सांगितलं. त्यांची मुलगी लहानपणी करपलेल्या भाकरीचा पापुद्रा आधी खायची, त्यासाठी आईला एक भाकरी मुद्दाम जास्त भाजायला लावायची. दुधावरची साय दिसली की ताटावरून उठायची. हिरव्या चिंचा फ्रॉकच्या खिशात घालून शाळेत न्यायची आणि खिसे फाटायचे. शेंगाचटणी नुसती तळहातावर घेऊन चाटायची. एकेका गोष्टीचं वाक्य करायला सगळ्या बायका पुढं सरकल्या. शी यूज्ड टू ईट. शी नेव्हर लाइक्ड. काकू ती वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांचा आवाज बरा होता, डोळे कोरडे होते. शेजारच्या मशिदीजवळून येणारी एक बाई होती, दखनी बोलायची, तीच पदरात तोंड लपवून रडली.

पुढचे बरेच रविवार चांगले गेले. नातीला करपलेल्या भाकरीची गोष्ट फार आवडली. फोन लागला की तीच म्हणायची, टेल मी अबाउट मम्मा. काकूंना आता नवीन आठवणी शोधाव्या लागायच्या. त्या नवऱ्याला विचारायच्या, जुन्या शेजारणींना विचारायच्या आणि सोमवारी माझ्याकडं आणायच्या. या खटाटोपात त्यांच्या मुलीबद्दल मला इतकं कळलं होतं की ती रस्त्यात भेटली असती तर मी ओळखली असती असं वाटे.

मध्यंतरी जावयानं दुसरं लग्न केलं. ते काकूंना पसंत होतं. "मीच म्हणलं हुतं त्येला. लेकरू एकटं हाय, तुमी एकटं हाय, कुटंवर चालायचं?" नवी बायको पंजाबी घरातली, तिकडंच वाढलेली. फोनवर ती काकूंना नमस्ते म्हणायची.

लग्नानंतर काही महिन्यांनी जावयानं काकूंना एकट्यांनाच फोन केला. काय बोलणं झालं ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"आई, रागावू नका," तो म्हणाला होता. "तिला तिच्या आईबद्दल थोडे दिवस काही सांगू नका. ती रात्री उठून रडते. हिनं केलेलं जेवत नाही. मम्माला करपलेलं आवडायचं म्हणते आणि टोस्ट जाळून मागते. शाळेत समुपदेशक बाई आहेत, त्यांनी सांगितलंय, आधी तिला या घरात रुळू दे."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? लेकरू रडतंय म्हणल्यावर. शब्द दिला." मग त्यांनी विचारलं, "आता कुठल्या काळात बोलू, बाई?"

मी त्यांना भविष्यकाळ शिकवला. व्हॉट विल यू ईट टुमॉरो? काकू तो मन लावून शिकल्या. पण नातीला तो आवडला नाही. टेल मी अबाउट मम्मा, ती म्हणायची. काकू म्हणायच्या, टुडे यू टेल मी. दोन-तीन रविवार तिनं विचारलं आणि मग विचारणं सोडलं. काय खाल्लंस तर नथिंग. उद्या काय खाणार तर आय डोन्ट नो. फोन पुन्हा लहान झाला. काकूंचं इंग्रजी मात्र वाढत होतं. बायका म्हणायच्या, काकू सगळ्यांत पुढं गेल्या.

त्याच सुमाराला आणखी एक झालं. तिकडं कुणाच्या तरी वाढदिवसाला मुलीनं केक खाल्ला, त्यात शेंगदाणा होता. तिचा घसा सुजला, श्वास अडकला, दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून तिच्या दप्तरात कायम इंजेक्शन असायचं. ॲलर्जी हा शब्द काकूंनी वर्गात आणला तेव्हा एक जण हसून म्हणाली, "अगं बाई, शेंगा न्हाय चालत? सोलापूरला आली तर खाईल काय?" काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ती येणार हाय. नाताळच्या सुट्टीत. एक दिवस."

पुण्याला कुणाचं तरी लग्न होतं, त्यासाठी जावई कुटुंबासह येणार होता आणि त्यातला एक दिवस सोलापूरला. काकूंनी महिनाभर आधी स्वयंपाकघर उपसायला सुरुवात केली. चटणीच्या बरण्या, कुटाचा डबा, शेंगतेल, सगळं घराबाहेर काढलं. दगडी उखळ नणंदेकडं पोचवलं. त्यात वर्षानुवर्षं शेंगा कुटलेल्या, ते धुऊन निघणार नाही म्हणाल्या. डबे सोड्यानं घासून उन्हात वाळवले. फडताळावरचे कागद बदलले. लाटणं-पोळपाट नवं आणलं. यजमानांना पुतण्याच्या दुकानावर चक्कर मारून येताना खिशात दाणे टाकून आणायची सवय होती, त्यांना दारातच खिसे झाडायला लावलं. मला म्हणाल्या, "तुमीबी या त्या दिवशी. कुटं अडलं तर सांगाल."

मी गेले. सकाळी उन्हं चढल्यावर गाडी आली. मुलगी आठ वर्षांची, लांब पायांची, केस कानामागं खोचलेली. तिनं दारात उभं राहून "हाय, अज्जी" म्हटलं आणि काकूंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. किती वेळ धरला ते तिलाही जाणवलं असावं, कारण ती हळूच मागं सरकली. नवी बायको काकूंच्या पाया पडली. चांगली बाई होती, डोळ्यांत अदब होती. जावई खाली मान घालून चपला काढत होता. तो त्या घरात जावई म्हणून पहिल्यांदा आला तेव्हा कसा आला असेल हे सगळ्यांच्याच मनात असणार.

काकूंनी भाषण पाठ केलं होतं. "कम, कम," त्या म्हणाल्या. "आय मेड फूड फॉर यू. नो पीनट. नो पीनट इन द हाउस. आय क्लीन्ड एव्हरीथिंग."

पाट मांडले होते. मऊ भात, वरण, तूप, दही, पातळ भाकरी आणि गव्हाची हुग्गी, म्हणजे लिंगायतांच्या घरात सणाला करतात ती खीर. तिखट कशालाच नव्हतं. मुलीनं ताटाकडं पाहिलं आणि मग नव्या आईकडं. नव्या आईनं जावयाकडं. त्यानं घसा खाकरला.

"आई, तुम्ही एवढं केलंत, पण राग मानू नका," तो म्हणाला. "आम्ही तिला बाहेरचं कुठंच काही देत नाही. पुण्यातही नाही दिलं. पिठाच्या गिरणीत काय काय दळतात, सांगता येत नाही. एकदा बघितलंय आम्ही ते. पुन्हा नाही बघवणार."

नव्या बायकोनं पिशवीतून डबा काढला. त्यात पावाचे तुकडे होते, काकडी होती, चौकोनी बिस्किटं होती. मुलगी पाटावर बसली आणि डबा मांडीवर घेऊन काकूंना म्हणाली, "आय कान्ट ईट हिअर, अज्जी. इट्स नॉट सेफ."

तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघायचं असतं हे मुलं जसं सांगतात तसं तिनं सांगितलं. अडलं तर सांगायला मी बसलेच होते. पण काकूंनी माझ्याकडं पाहिलंच नाही. त्यांचं काही अडलं नव्हतं.

"ओके," त्या म्हणाल्या. "यू ईट युवर फूड."

त्यांनी नातीपुढचं ताट उचलून आत नेलं, परत आल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मुलीनं पावाचा तुकडा तोंडाकडं नेला आणि थांबली. "डोन्ट वॉच मी," ती म्हणाली. काकूंनी मान वळवली आणि खिडकीकडं बघत बसल्या. बाहेर वाळवणाच्या दोरीशिवाय काही नव्हतं.

आम्ही बाकीचे जेवलो. अशा जेवणाला चव असते की नसते, मला सांगता येणार नाही. नव्या बायकोनं हुग्गी दुसऱ्यांदा मागून घेतली. तिला ती खरंच आवडली होती की काकूंसाठी मागितली, कळलं नाही. पण मागितली.

जेवणानंतर जावई आणि त्याची बायको गाडीवाल्याशी बोलायला ओसरीवर गेली. यजमान आत आडवे झाले. खोलीत काकू, मी आणि ती मुलगी. ती भिंतीला टेकून बसली होती, बोटानं फरशीच्या सांध्यातली रेघ गिरवत. मग तिनं वर न बघता विचारलं, "डिड मम्मा सिट हिअर?"

तिची आई तिथंच बसायची. त्याच कोपऱ्यात, भिंतीला तेल लागून डाग पडला होता, तो डाग तिच्या वेणीचा. काकूंनी मला तो वर्षभरापूर्वीच दाखवला होता आणि घराला रंग देताना तेवढी भिंत सोडायला लावली होती. मुलीचं डोकं आत्ता त्याच्याखालीच होतं.

काकूंनी दाराकडं पाहिलं. जावयाची पाठ दिसत होती.

"आय डोन्ट नो," काकू म्हणाल्या.

मुलीनं मान हलवली आणि पुन्हा रेघ गिरवायला लागली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. थोड्या वेळानं गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

ती गेल्यावर काकूंनी केलेलं सगळं शेजारीपाजारी वाटलं. मलाही डबा भरून दिला. पुढच्या सोमवारी त्या वर्गाला आल्या, आणि बायकांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आली हुती की. लई मोठी झालीय." एवढंच.

त्यानंतर रविवारचा फोन पंधरा दिवसांनी येऊ लागला, मग महिन्यानं. तिकडं दुसरं मूल झालं. मुलगी पोहायला जायची, पियानोला जायची, रविवारी तिला वेळ नसायचा. जावई मेसेज करायचा, फोटो पाठवायचा. काकू फोटो मला दाखवायच्या आणि मी त्यातलं काय काय आहे ते इंग्रजीत विचारायचे, त्या उत्तरं द्यायच्या. पुढं एका दिवाळीला फोन लागला, तेव्हा मुलगी म्हणाली, "हॅपी दिवाली, ग्रँडमा." अज्जी म्हणाली नाही. काकूंनी ते मला सांगितलं, आणि त्याच आठवड्यापासून त्या वर्गाला यायच्या बंद झाल्या.

मी दोन-तीनदा फोन केला. यजमानांना झटका आलाय असं कळलं. एका संध्याकाळी वर्ग संपवून त्यांच्या घरी गेले. यजमान आतल्या खोलीत झोपलेले, एक बाजू लुळी, तोंड थोडं वाकडं. त्यांची मराठी गेली होती. कानडी तेवढी राहिली होती, तीही काकूंनाच समजायची. काकू त्यांना लहान मुलासारखं पातळ भरवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बसा. च्या टाकते."

चहा पिताना आम्ही दवाखान्याचं बोललो, पुतण्याचं बोललो, पाणी किती दिवसांनी येतंय त्याचं बोललो. नातीचा विषय मी काढला नाही. त्यांनीच काढला.

"त्या दिवशी मी खोटं बोलले, बाई. तुमी हुता तिथं."

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं.

"शब्द बापाला दिला हुता. विचारलं लेकरानं." त्यांनी कप खाली ठेवला. "पोटच्या पोरीची जागा ठाव न्हाय म्हणले मी. माझ्याच घरात. ती मोठी झाली की परत विचारील का?"

"विचारेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"तवर मी असायला पायजे की."

आतून यजमानांनी काहीतरी आवाज केला, त्या कानडीत "बंदे, बंदे", आले, आले, म्हणत उठल्या, त्यांना कुशीवर वळवून परत आल्या. तेवढ्यात बाहेर गल्लीत कुणीतरी ओरडलं, पाणी आलं. नळाला आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ धार लागली. काकूंनी पदर खोचला. मी पर्स खुंटीला अडकवली आणि बादली घेतली. पिंप, हंडे, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा भरली. मध्ये मध्ये त्या आत जाऊन यजमानांना बघून येत होत्या. धार बारीक झाली तेव्हा अंधार पडला होता. काकूंनी नळ बंद केला, ओल्या फरशीवर गोणपाट टाकलं आणि मला म्हणाल्या, "जपून जा. पायरीवर पाणी सांडलंय."